पुन्हा न वाचलेलं पुस्तक

तोमिएबाईंचा एक नियम होता. आवडलेलं पुस्तक पुन्हा हातात धरायचं नाही. एकतीस वर्षं त्यांनी जपानातल्या ताकेहारा गावी शाळेच्या स्वयंपाकघरात पोरांचं दुपारचं जेवण रांधलं आणि तेवढ्या काळात गावच्या ग्रंथालयातली निम्मी कपाटं वाचून काढली, पण दोनदा एकही नाही. कुणी विचारलंच तर म्हणायच्या, "नवी पुस्तकं काय कमी पडलीत, म्हणून जुनी उकरत बसू?" ऐकणाऱ्याला ते पटायचं. खरं कारण निराळं होतं, आणि नवरा हयात होता तोवर त्यालाही त्यांनी ते कधी सांगितलं नव्हतं.

निवृत्त झाल्यावर बाई त्याच ग्रंथालयात अंध वाचकांना वाचून दाखवायला लागल्या. पगार नाही, चहा मात्र मिळतो. काचेची एक छोटी खोली, टेबलाच्या अलीकडे-पलीकडे दोन खुर्च्या, आणि नियम असे कडक की विचारू नका. पानावर असेल ते सगळं वाचायचं, नसेल ते अक्षरही बोलायचं नाही. नाटकी आवाज काढायचा नाही, कंटाळा आला म्हणून चार ओळी गाळायच्या नाहीत. नवीन आलेल्या मुलींना बाई बजावायच्या, "आपण इथं चष्मा आहोत. चष्म्यानं मत द्यायचं नसतं."

दर गुरुवारी सकाळी दहाला निनोमियामास्तर यायचे. हिरोशिमाच्या अंधशाळेत त्यांनी सुया टोचून उपचार करण्याची आणि मालिशची विद्या तीस-बत्तीस वर्षं शिकवली होती. वय अठ्ठ्याहत्तर, कान तिखट, जीभ त्याहून तिखट. बाईंचा घसा बसला की ते बाईंच्या आधी ओळखायचे आणि वर म्हणायचे, "काल फार बोललात वाटतं. शेजारीण आली होती का?"

ऑक्टोबरातल्या एका गुरुवारी ते बसता बसता म्हणाले, "या वेळी 'मिठागराची कीनू' काढून ठेवायला सांगितलंय. माझ्या बायकोनं वाचून दाखवलं होतं, लग्न झालं त्या साली. पुन्हा एकदा ऐकावं म्हणतो."

बाई घाईनं म्हणाल्या, "मास्तर, नवं काही घेऊ या की. परवाच चांगली पुस्तकं आलीत."

"नवं ऐकायला तुम्ही आहात की. मला जुनं ऐकायचंय."

आता काय सांगणार? बाईंनी पुस्तक उघडलं.

गोष्ट अशी होती. तोमिएबाईंचं माहेर समोरच्याच बेटावर, फेरीबोटीनं अर्ध्या तासावर, संत्र्यांच्या उतारावर. घरात मुलगा नव्हता, दोन मुलीच. थोरलीनं घरजावई आणायचा आणि बाग सांभाळायची, हे तोमिएच्या जन्माआधीच ठरल्यासारखं होतं. मुलगाही बघून ठेवला होता, शेजारच्या बागेतला कोझो, भला माणूस. तोमिए विसाव्या वर्षी सकाळच्या बोटीनं निघून गेली. मग कोझो आणि बाग दोन्ही धाकट्या युकिएच्या गळ्यात पडलं. युकिएला नर्स व्हायचं होतं. तिचा अर्ज भरून तयार होता.

त्या पळून जाण्याच्या आधी तोमिएनं 'मिठागराची कीनू' वाचलं होतं. महिन्यातून एकदा बेटावर पुस्तकांची बोट यायची, तिच्यावरून आणलेलं. मीठ पिकवणाऱ्याची मुलगी कीनू शेवटी सगळं मागं टाकून बोटीत चढते, किनारा लांब जातो, ती वळूनही बघत नाही. बाईंना ते शेवटचं पान तोंडपाठ होतं. पुढं आईवडील असताना आणि ते गेल्यावरही दर वर्षी पितरांच्या सणाला माहेरी गेलं की युकिए काहीतरी टोचून बोलायची, आणि बाईंचं उत्तर ठरलेलं असायचं: "काय करू गं, तेव्हा ते पुस्तक वाचलं आणि डोकंच फिरलं." मग युकिए तोंड फिरवून भांडी घासायला लागायची. एक्कावन्न वर्षं हेच.

म्हणून ते पुस्तक पुन्हा उघडायची बाईंना भीती वाटायची. समजा ते भिकार निघालं तर? बहिणीचं आयुष्य एका भिकार कादंबरीपायी उधळलं, असंच म्हणावं लागलं असतं. फक्त हेच एक टाळून बाकीची आवडलेली पुस्तकं पुन्हा वाचली तर आपण याला घाबरतो हे आपल्यालाच कळेल, म्हणून त्यांनी सरसकट नियमच करून टाकला होता.

पण पुस्तक भिकार नव्हतं. चार गुरुवार गेले. मधली तीस पानं रटाळ होती खरी, मिठाच्या वाफ्यांची वर्णनं संपता संपत नव्हती, आणि मास्तर एकदा चक्क घोरले. पण कीनूची आई बघून बाई चाट पडल्या. ही बाई या पुस्तकात होती? समुद्राच्या पाण्यानं फुटलेले हात घेऊन मुलीच्या केसांना तेल लावणारी, तिला 'जा'ही न म्हणणारी आणि 'राहा'ही न म्हणणारी? विसाव्या वर्षी आपण आईची पानं भराभर उलटली असणार, दुसरं काय. आता मोठ्यानं वाचायचं म्हणजे उलटायची सोय नव्हती.

पाचव्या गुरुवारी शेवटचं प्रकरण आलं. कीनू धक्क्यावर येते. बोट भोंगा देते. दोर सुटतो. कीनू उभी राहते आणि बोट जाते. बाईंनी पान उलटलं. पुढं प्रकाशकाचा पत्ता होता.

त्यांनी पान मागं घेतलं, पुन्हा पुढं घेतलं.

"काय झालं?" मास्तर म्हणाले.

"पानं गेलीत. शेवटची दोन-तीन पानं कुणीतरी फाडलीत."

"आणा इकडं." मास्तरांनी पुस्तक घेतलं आणि कण्याच्या आतून अंगठा सावकाश खालपर्यंत नेला. लोकांच्या पाठीचे मणके मोजण्यात आयुष्य गेलेला अंगठा तो. "शिलाई धड आहे. फाटलेल्या पानाचं टोक बोटाला लागलं असतं. काही गेलेलं नाही, बाई. संपलं इथंच."

"असं कसं? ती बोटीत चढते ना. मला पाठ आहे."

"नाही हो. तेव्हा मी बायकोवर चिडलो होतो, म्हटलं पुढचं वाच, लबाडी करू नकोस. ती म्हणाली, संपलं. दोन दिवस मी त्या कीनूवर धुसफुसत होतो, चढ की गं बये म्हणून." ते थोडे हसले. "आज नाही राग आला. आज मला तिची आईच ऐकू येत होती. बरं झालं पुन्हा ऐकलं."

मास्तरांनी पुस्तक टेबलावर ठेवलं आणि चाचपडत त्यांच्याकडं सरकवलं.

"कीनू तर चढली नाही," ते म्हणाले. "मग चढलं कोण?"

"मी," तोमिएबाई म्हणाल्या. त्या खोलीत पानावर नसलेला, स्वतःबद्दलचा एवढाच एक शब्द त्यांनी आजवर उच्चारला असेल. म्हणाल्या, आणि त्यांना रडू आलं. रडता रडता आधी फार भीती वाटली, कारण आता खापर फोडायला कुणी उरलं नव्हतं. आणि मग, खरं सांगायचं तर, थोडा अभिमानही वाटला. वीस वर्षांच्या त्या पोरीला कुणी वाट दाखवली नव्हती. तिची तिनंच काढली होती.

घरी जाऊन त्यांनी चप्पल काढायच्या आधी फोन लावला. दुपार होती, युकिए बागेतून जेवायला आलेली.

"आज कशी आठवण झाली? कोण आजारी आहे?"

"कुणी नाही. युकिए, ते पुस्तक आज पुन्हा वाचलं. कीनू जात नाही गं शेवटी."

पलीकडं वाटी ठेवल्याचा आवाज आला.

"माहितीये मला," युकिए म्हणाली. "तू गेलीस तेव्हा ते तुझ्या अंथरुणावरच होतं. बोटीवर परत करायचं होतं, म्हटलं आधी बघावं तरी, काय लिहिलंय एवढं. दोनदा वाचलं मी. जायच्या आधी तू कीनू बोटीनं गेली म्हणायचीस ना, म्हटलं माझंच काही चुकतंय."

"आणि एक्कावन्न वर्षं बोलली नाहीस?"

"मी कशाला बोलू? तू गेलीस त्याचा राग तर केव्हाच संपला, ताई. कोझो चांगला निघाला, पोरं चांगली निघाली, बाग मला तुझ्यापेक्षा बरी जमते. पण दर वर्षी तू माझ्यासमोर बसून त्या पुस्तकाचं नाव पुढं करायचीस ना, त्यानं माझं डोकं उठायचं. मला वाटायचं, निदान मला तरी खरं सांग."

मोठ्यानं आणि एकही शब्द न गाळता तोमिएबाई म्हणाल्या, "मला जायचं होतं, युकिए. तुझं काय होईल ते ठाऊक होतं मला. तरी मला जायचं होतं."

पलीकडं युकिएनं नाक ओढलं.

"बरं," ती म्हणाली. "तोडणी सुरू आहे आणि दोन हात कमी पडतायत. उद्या सकाळच्या बोटीनं ये."