काळी एक

सर वर्गात शिरण्याआधी, दारात चप्पल काढता काढता, सा लावायचे. पेटी नाही, तानपुरा नाही, नुसता सकाळचा कोरडा गळा. नवी पोरं आत पळत जाऊन पेटीवर पहिली काळी पट्टी दाबून पाहायची, आणि सरांचा सा तिच्यावर अचूक बसलेला असायचा. म्हणून सगळा विभाग त्यांना ‘काळी एक’ म्हणायचा. त्यांना ते ठाऊक होतं आणि आवडतही होतं. “बापानं लावून दिलेला हाय,” ते सांगायचे. त्यांचे वडील शहागडला गायन पार्टीत पेटी वाजवत. भीमजयंती आली की गावोगावची बोलावणी असत. पोराला शेजारी बसवून त्यांनी ही एक पट्टी त्याच्या गळ्यात घातली होती. सरांची दुसरी काही इस्टेट नव्हती.

विद्यापीठाने जालन्यात उघडलेला आमचा संगीत-नृत्य विभाग म्हणजे एक अरुंद जिना आणि वर एक मोठी खोली. सकाळी तिथे आधी एक बाई मुलींना आणि मग सर मुलग्यांना गायन शिकवत, दुपारी मी कथक. खिडकीखालून एमआयडीसीकडचे टेम्पो सळया खडखडवत गेले की सर आलाप मध्येच सोडून म्हणत, “थांबा, त्यांचं होऊ द्या.” आधी दुसऱ्याचं होऊ द्यायचं हा त्यांचा स्वभावच होता. मला त्याची चीड यायची.

कारण त्यांची एक इच्छा होती आणि ती मला माहीत होती. त्यांना एकदा स्वतःची मैफल करायची होती. एकच राग, सावकाश, समोर ओळखीची माणसं, आणि तास संपल्याची घंटा नाही. पण युवक महोत्सव आला की पोरांची तयारी असायची, परीक्षा आल्या की पोरांचीच. “माझं काय, मॅडम, रिटायर झाल्यावर गातो. गळा कुठं पळून चाललाय?”

मग मुलींना गाणं शिकवणाऱ्या बाई निवृत्त झाल्या. त्यांची जागा भरली गेली नाही. जागा भरण्याबद्दल विचारलं की वरून ‘प्रक्रिया सुरू आहे’ असं उत्तर यायचं, आणि काही वर्षांनी आम्ही विचारणंही सोडलं. सगळ्या मुली सरांच्या वर्गात आल्या. मुलगे तसेही थोडेच उरले होते. मुलींचा आवाज चढा, काळी चारचा. पुरुषाने तिथे रोज गायचं म्हणजे दिवसभर टाचा उचलून चालायचं. मी म्हटलं, पोरींनाच थोडं खाली घ्या की.

“बिलकुल न्हाई. कोवळा गळा खाली वढला की बसतो. माझा काय, पिकलेला हाय.”

आणि सर मुलींच्या चढ्या पट्टीत गात राहिले. दुपारी मी जिना चढायचे तेव्हा ते पायरीवर बसून थर्मासमधलं गरम पाणी पीत असायचे, गालात ज्येष्ठमधाची काडी.

“झालं का गाऊन?” मी विचारायचे.

“गाऊन कुठलं, वरडून राह्यलो.”

माझीही तऱ्हा काही वेगळी नव्हती. गुडघ्यांनी दगा दिला होता. मी खुर्चीत बसून हाताने ताल द्यायचे आणि तोंडाने बोलांचे तुकडे म्हणायचे. एकदा माझ्याकडे बघून सर म्हणाले, “आपण शिकवायच्या कामाचे राह्यलो, मॅडम. गायच्या-नाचायच्या कामाचे न्हाई.” मला राग आला, कारण ते खरं होतं. दारात चप्पल काढताना सा लावायचं त्यांनी कधी बंद केलं, ते मात्र माझ्या ध्यानात आलं नाही.

त्यांच्या निरोपाला आम्ही मैफलच ठेवली. शहागडहून भाऊ-भावजय आली, जुने विद्यार्थी आले. तबल्याला त्यांचाच एक विद्यार्थी होता. “काळी एकच ना, सर?” त्याने विचारलं. सर हसले. तानपुऱ्याचं यंत्र त्या पट्टीत लावलं. सरांनी डोळे मिटून सा लावला, आणि तो वर जाऊन काळी चारवर बसला. त्यांनी खाकरून पाणी प्यायलं, पुन्हा लावला. पुन्हा तिथेच. तबलेवाल्याला वाटलं, यंत्रच बिघडलंय. त्याने हात पुढे केला.

“यंत्र बराबर हाय, बाबा,” सर म्हणाले. मग मुलींकडे वळून म्हणाले, “या गं, सगळ्याजणी पुढं या.” मुली जाऊन बसल्या, यंत्र काळी चारला लावलं गेलं, आणि सर त्यांच्या मागे मागे गायले. टाळ्या खूप पडल्या. विद्यार्थ्यांवर किती जीव, असं लोक जाताना बोलत होते. मी पदराने डोळे पुसत राहिले. माझ्या डोळ्यांतलं पाणी लोकांना निरोपाचं वाटलं.

सरांच्या जागेवर सध्या तासिका तत्त्वावर सुजाता येते. त्यांचीच विद्यार्थिनी, घनसावंगीहून बसने ये-जा करते. परवा ती दारात चप्पल काढता काढता सा लावत होती. मी आत जाऊन पेटीवर पाहिलं. काळी चार, अचूक. मला इतका आनंद झाला की मी लगेच सरांना फोन लावला.

सर म्हणाले, “तिला एवढं सांगा मॅडम, तो सा कुणासाठी सोडू नको म्हणावं.”

निरोप द्यायला मी वर गेले तेव्हा तास सुरू होता. यंदा प्रवेश मुलग्यांचेच जास्त झाले आहेत. मुलगे ओळीने समोर बसले होते, तानपुरा काळी एकला लावलेला होता, आणि सुजाता हनुवटी छातीला टेकवून, आवाज तळाशी घासत, त्यांच्या पट्टीत गात होती.