चेंडू ज्याचा गेला, तो मध्ये

मागच्या महिन्यात एका मुलीचा फोन आला. उपनगरात एक नवा फुटबॉल क्लब निघतोय, त्याच्या ऑफिसातून बोलतेय म्हणाली. त्यांना मुख्य प्रशिक्षक हवा होता. एका माणसाचा विचार चालला होता, आणि मी त्याच्याबरोबर काम केलंय हे तिला कुणीतरी सांगितलं होतं.

"सर, त्यांचं काम चांगलं आहे असं सगळेच म्हणतात. पण मोठे खेळाडू त्यांना सांभाळता येत नाहीत, असंही ऐकलंय. खरं आहे का?"

मी म्हणालो, "उद्या फोन करा. आठवून सांगतो."

आठवण्यासारखं काही नव्हतं. तिने ऐकलेलं वाक्य मूळचं माझं. आमच्या क्लबमधून तो गेल्यापासून ते त्याच्या पुढे पुढे चालत आलंय. तो मुलाखतीला पोचायच्या आधी ते पोचलेलं असतं. त्यामुळे मोठा संघ त्याला पुन्हा मिळाला नाही. हल्ली तो नाहूरला महापालिकेच्या मैदानावर शाळकरी मुलांना शिकवतो.

आमच्या क्लबचे मालक बिल्डर होते. अंधेरीपासून दहिसरपर्यंत त्यांचे टॉवर उभे आहेत. फुटबॉलवर त्यांचं प्रेम होतं, हे मी नाकारणार नाही. पण काम अडलं की ठेकेदार बदलायचा, ही साइटवरची सवय ते मैदानावरही घेऊन आले. स्पेनचा एक प्रशिक्षक आला, तो जेवणावरून स्वयंपाक्याशी भांडत राहिला. हॉलंडचा आला, त्याला मालक मध्यंतरात फोन करून बदल सुचवायचे. एकाचं सामान अजून कस्टममधून सुटायचं होतं, तोवर तो परत निघालासुद्धा. खेळाडूंचे करार लांब आणि जाड, प्रशिक्षकाचा आखूड. कोण कुणाला घालवू शकतं, हे नव्या पोराला पहिल्याच आठवड्यात कळायचं.

मी सहायक प्रशिक्षक. बँकेच्या संघातून खेळलो, पुढे त्याच संघाला शिकवलं, बँकेतूनच निवृत्त झालो आणि मग इथे आलो. मला कोणी काढत नसे. मी स्वस्त होतो, सगळ्यांना ओळखत होतो, आणि एक प्रशिक्षक गेल्यावर दुसरा येईपर्यंत संघ माझ्या हातात द्यायची सोय होती. अशा वेळी आम्ही हमखास जिंकायचो. कालपर्यंत पाय ओढणारे सीनियर खेळाडू अचानक धावायला लागायचे. पेपरात माझा फोटो यायचा. मालक खांद्यावर हात ठेवायचे. मग पुन्हा कुणीतरी परदेशी यायचा, मी गोलपोस्टजवळ त्याच्या हातात फोडायला नारळ द्यायचो आणि मागे जाऊन उभा राहायचो. ते थोडे सामने मला आवडायला लागले होते. प्रत्येक वेळी वाटायचं, या खेपेला मालक म्हणतील, राहू द्या, हेच बरे आहेत.

आता सरावाची एक गोष्ट सांगायला हवी, कारण सगळं तिच्यावरून झालं. सराव सुरू होताना खेळाडू वर्तुळात उभे राहतात आणि एकमेकांना पास देतात. दोघे मध्ये असतात, त्यांनी चेंडू काढून घ्यायचा. ज्याचा पास चुकला, तो मध्ये. आम्ही त्याला रिंगण म्हणायचो. जगात सगळीकडे हाच नियम आहे. आमच्याकडे सीनियर मध्ये जात नसत. सीनियरचा चेंडू गेला की शेजारचा ज्युनियर न सांगता त्याच्या जागी मध्ये जायचा. हे कोणी ठरवलं ते मला माहीत नाही. मोडलं मात्र कोणी नाही. परदेशी प्रशिक्षकांना वाटायचं, हा इथला काहीतरी रिवाज असेल.

मग मालकांनी पहिल्यांदा आपल्यातला माणूस आणला. घाटकोपरचा. बँकेच्या संघात तो माझ्या हाताखाली खेळला होता, म्हणून मला दादा म्हणायचा. पहिल्या दिवशी मी सवयीने नारळ पुढे केला. तो हळूच म्हणाला, "दादा, आमच्या घरात हे करत नाहीत. पोरांना खोबरं वाटून टाका." त्याच्या घरी भिंतीवर बाबासाहेब आणि बुद्ध, हे मला माहीत होतं. मी ओशाळलो. मालकांनी विचारलं तेव्हा मात्र, मुहूर्त बघून नंतर करू, असं काहीतरी बोलून वेळ मारून नेली. खरं कारण सांगायला माझं काय जात होतं?

दुसऱ्या दिवशी रिंगणात कॅप्टनचा पास चुकला. आमचा कॅप्टन मरोळच्या गावठाणातला, तीन-चार पिढ्या फुटबॉल खेळलेल्या कॅथलिक घरातला. हायवेवर त्याचं होर्डिंग होतं, हातात बनियनचं पाकीट घेतलेलं. शेजारचा ज्युनियर नेहमीप्रमाणे मध्ये निघाला.

"तू थांब रे," प्रशिक्षक म्हणाला. "चेंडू कुणाचा गेला?"

ज्युनियर पाय उचललेला तसाच थांबला.

"कोच, वॉर्म-अप चाललाय," कॅप्टन हसत म्हणाला.

"मग हो ना वॉर्म. ये मध्ये."

कॅप्टनने माझ्याकडे बघितलं. मी खाली वाकून प्लास्टिकचे कोन सरळ करायला लागलो. ते सरळच होते.

तो मध्ये गेला, आणि पोरांनी त्याला बराच वेळ बाहेर येऊ दिलं नाही. एकाने तर त्याच्या पायांमधून चेंडू काढला. "कॅप्टन, दरवाजा बंद कर की!" कुणीतरी ओरडलं आणि सगळं मैदान हसलं. कॅप्टनही हसला, पण त्याचे कान लाल झाले होते.

त्यानंतर आमचा खेळ सुधारला. ज्युनियर पोरं वेळेआधी यायला लागली. आपलं चुकलं तर आपणच मध्ये जायचं आणि दुसऱ्याचं चुकलं तर दुसऱ्याने, एवढ्या साध्या गोष्टीने ती खुलली. हे मी रोज डोळ्यांनी बघत होतो.

कॅप्टनला कधीकधी मी गाडीतून मरोळला सोडायचो. एकदा तो म्हणाला, "अंकल, हे किती दिवस चालणार?"

"निकाल बरे लागतायत रे."

"निकाल आमच्या पायांत असतात, अंकल." तो खिडकीबाहेर बघत होता. "तुमच्या वेळी मजा असते. तुम्ही परत या ना."

मी गाडी चालवत राहिलो, आणि मनात संघ मांडायला लागलो.

पुढच्या सामन्यांत कॅप्टन आणि त्याच्या जवळचे दोघे-तिघे मागे पास द्यायला लागले. बाहेरच्याला त्यात वावगं काही दिसत नाही. पाय ओढलेला दिसत नाही, चूकही दिसत नाही. चेंडू फक्त पुढे जात नाही. आम्ही हरायला लागलो. तेव्हा ड्रेसिंग रूमबाहेर दोन ज्युनियर पोरांनी मला गाठलं. "सर, आम्हाला हेच कोच पाहिजेत. आम्ही सगळे बोललोय आपसात. पण आमचं वर कोण ऐकणार? तुम्ही सांगा ना." मी म्हणालो, सांगतो.

दोनच दिवसांनी मालकांनी वांद्र्याच्या ऑफिसात बोलावलं. चहा आला, काजू आले. मालक म्हणाले, "मला फुटबॉल शिकवू नका, एकच सांगा. पोरं त्याच्याबरोबर आहेत की नाहीत?"

प्रश्न सरळ होता. कॅप्टन आणि त्याची माणसं सोडली, तर सगळी पोरं त्याच्याबरोबर होती. "आहेत" एवढा एकच शब्द पुरला असता. मालकांनी तो ऐकला असता की नाही, ते मला माहीत नाही. मी म्हणालो, "मोठे खेळाडू त्याच्या हाताबाहेर गेलेत. पोरं नाहीत त्याच्याबरोबर."

मालकांनी मान हलवली. "मला वाटलंच. आणि त्याने नारळपण नाही फोडला."

त्यावरही मी गप्प बसलो.

आपल्याला काढलंय, हे त्याला मोबाइलवर कळलं. क्लबने त्याचा फोटो टाकून आभार मानले होते, खाली हात जोडल्याचं चिन्ह होतं. तो बूट न्यायला आला, तेव्हा स्टोअरमध्ये मी एकटाच होतो. बूट पिशवीत भरताना म्हणाला, "जाऊ दे, दादा. तुम्ही तरी माझ्या बाजूने बोलला असाल."

मी म्हणालो, "बोललो रे. पण ऐकतो कोण?"

दुसऱ्या दिवशी रिंगणात कॅप्टनचा पास चुकला आणि एक ज्युनियर न सांगता मध्ये गेला. आदल्या आठवड्यात मला गाठणाऱ्या दोघांपैकीच तो एक होता. त्याने माझ्याकडे बघितलंही नाही. आम्ही सामने जिंकले. कॅप्टनने गोल करून मला मिठी मारली, तो फोटो पेपरात आला. मग नवा परदेशी आला आणि मी त्याच्या हातात नारळ दिला. पुढे कॅप्टन दुसऱ्या क्लबने जास्त पैसे दिले म्हणून गेला, आणि मला शाल देऊन घरी पाठवलं. मुलुंडच्या घरात ती शाल कपाटात आहे.

नव्या क्लबच्या त्या मुलीने ठरल्याप्रमाणे दुसऱ्या दिवशी फोन केला. मी तिला हे सगळं सांगितलं. ती बराच वेळ ऐकत होती.

"मग सर, तुम्ही तेव्हा असं का म्हणालात?"

"त्याची जागा मला हवी होती."

"ओके, सर," ती म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

चार-पाच दिवसांनी त्याचा फोन आला. मागे मैदानावरचा गलका ऐकू येत होता.

"दादा, त्यांनी मुलाखतीला बोलावलंय. तुमच्याशी काय बोलणं झालं तेही सांगितलं त्यांनी."

"हो."

"खरं आहे ते?"

"खरं आहे."

मागचा गलका कमी झाला, तो बाजूला गेला असावा. मग म्हणाला, "इतकी वर्षं मी घरी सांगत आलो, सगळे उलटले, पण दादा बोलले माझ्यासाठी. बायको अजून दिवाळीला तुमच्याकडे फराळ पाठवते, तो त्यामुळे."

हे मला माहीत नव्हतं. फराळ येतो हे माहीत होतं.

"मी काय करू, सांग," मी म्हणालो.

"काय करणार तुम्ही आता!" मग तो मैदानातल्या कुणावर तरी ओरडला, "ए, तुझा गेला ना? मग तू जा, त्याला काय पाठवतोस!" आणि पुन्हा माझ्याशी, सरळ आवाजात, "तोंडी बोललेलं कसं फिरतं ते आपण बघितलंय. लिहा. नावं नकोत, त्या कॅप्टनचंही नको. त्याला आता पोरंबाळं आहेत. फुटबॉलमधल्यांना बरोबर कळेल."

"मुलाखत कधी आहे?"

"ते मी तुम्हाला सांगणार नाही, दादा," तो म्हणाला, आणि त्याने फोन ठेवला.

म्हणून लिहिलं. जे वाक्य इतकी वर्षं त्याच्या पुढे चालत आलं, त्याच्या जागी हे धरावं: पोरं त्याच्याबरोबर होती. मला विचारलं होतं, मला माहीत होतं, आणि मी नाही म्हणालो.