डब्बूचं जास्तीचं पाऊल

इंदूबाईंचा पहिलीचा वर्ग देवासच्या हिंदी शाळेत. पोरं त्यांना बहनजी म्हणत आणि बेरजेला अशी भीत की विचारू नका. म्हणून एकोणऐंशी साली त्यांच्या नवऱ्यानं, संताजीनं, डालड्याच्या डब्याला जुन्या टेपरेकॉर्डरची मोटर नि चार चाकं बसवून चक्क यंत्रमानव केला. कारखान्यात फिटर, सांगलीकडचा गडी, हातात कसब मोठं. फरशीवर खडूनं एक ते वीस घरं आखायची, डब्याच्या पोटावरची तबकडी चारावर फिरवायची, की स्वारी टकटक करत चार घरं चालणार.

चार कसली, पाच! वेळेवर थांबणं त्याला काही जमेना. पण पोरं काय कमी? पाचव्या घरात न्यायचं तर चार फिरवायचे, हे त्यांनी आपलं आपण शोधलं आणि खेळता खेळता वजाबाकी शिकली. "डब्बू तो एक कदम ज्यादा चलेगा ही," असं सगळा वर्ग म्हणे.

संताजीनं डब्याच्या बुडाला पिवळ्या खडूनं फुली मारली. कारखान्यातली त्यांची रीतच तशी. काम अर्धवट राहिलं की फुली, आणि ज्यानं मारली त्यानंच ती पुसायची. दिवाळीच्या सुट्टीत दुरुस्त करतो म्हणाला. अशा चार दिवाळ्या गेल्या. पाचवीच्या आधी कारखान्याच्या फाटकापाशी छातीत कळ आली आणि माणूस गेला.

इंदूबाई तेराव्यानंतर शाळेत जाऊ लागल्या, पण त्या फुलीला त्यांनी कुणाला बोट लावू दिलं नाही. वेडेपणा म्हणा हवं तर. काम बाकी ठेवून संताजी कधी कुठं गेला नव्हता. फुली आहे तोवर तो यायचा आहे, असं त्यांना मनापासून वाटे. डब्बू त्या जास्तीच्या घरात शिरे आणि त्यांचा जीव गलबलून जाई.

शहाऐंशीत धाकटे दीर सुभाष पीथमपूरला कामाला लागले. तेही फिटरच. एका रविवारी भेटायला आले तेव्हा वहिनी देवळात गेलेल्या. सुट्टीसाठी घरी आणलेला डब्बू समोरच दिसला. बसल्या बसल्या त्यांनी तो उघडला आणि नवा ब्रेक लावला. वहिनी परतल्या तर ओसरीवर घरंसुद्धा आखून तयार.

"आता बरोब्बर थांबतो बघा," सुभाष म्हणाले. "दादाची फुलीही पुसली."

इंदूबाईंनी तबकडी चारावर फिरवली. डब्बू चारावर थांबला. त्या पाचव्या घराकडं बघत राहिल्या. दिराचं कौतुक करायचं होतं हो, मनात होतं, पण हात डब्याच्या पुसलेल्या बुडाकडं गेला.

"भाऊजी," शेवटी त्या म्हणाल्या, "ती पुसायला ते येणार होते."

सुभाषची मान खाली गेली. मग त्यांनी डब्बूला उलटा मांडीवर घेतला आणि खिशातून पेचकस काढला.

"किती सैल करू, वहिनी?"

"एक घर."