रेडिओ निवडायचा तर आधी फोन लावा: नांदेड, लातूर, उदगीर आणि परत

मागच्या पावसाळ्यात धरणाचे दरवाजे उघडले आणि नदीपलीकडच्या आमच्या गावातला मोबाइल टॉवर बंद पडला. माय आणि माझी धाकटी बहीण संगीता गावात, मी आणि नवरा मिलिंद नांदेडजवळ, धरणालगतच्या विष्णुपुरीत. मी फोन लावत राहिले आणि एक बाई गोड आवाजात सांगत राहिली की ते संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहेत. पाणी उतरल्यावर कळलं की वस्तीतली सगळी माणसं विहाराच्या गच्चीवर सुखरूप होती आणि मायनं तिथंच चूल मांडून सगळ्यांना पिठलं-भाकरी केली होती. पण ते कळेपर्यंत मी फार घाबरले होते. तेवढी एक गोष्ट या लेखात थट्टेची नाही.

मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते, संगीता गावच्या शाळेत शिकवते. दोघींनी मिळून हौशी रेडिओची परीक्षा दिली आणि पास झालो. या छंदवाल्यांना हॅम म्हणतात. टॉवर नको, सिमकार्ड नको. दोघांकडे दोन सेट आणि सरकारचा परवाना असला की हवेतून थेट बोलायचं. परवाना आला, सेट राहिला. तो निवडायला सोपा असेल असं आम्हाला वाटलं, कारण तोवर आम्ही हॅम लोकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमध्ये नव्हतो.

ग्रुपवर मी लिहिलं: नदीच्या दोन काठांवर दोघी बहिणी आहोत, पुरात बोलायचं आहे, नवशिक्यांनी हातात धरायचा कोणता सेट घ्यावा? चहा उकळेपर्यंत उत्तरांचा ढीग. एक म्हणाले, चिनी सेट म्हणजे खेळणं. दुसरे म्हणाले, जपानी घ्या, नातवंडं वापरतील. तिसऱ्यांनी स्वतःच्या सेटचा फोटो पाठवला, दसऱ्याच्या पूजेतला, झेंडूच्या फुलासकट. चौथे म्हणाले, ड्युअल बँडच घ्या. मी विचारलं, का? ते म्हणाले, असावा. ड्युअल बँड म्हणजे रेडिओलहरींच्या दोन वेगवेगळ्या पट्ट्यांवर बोलता येणारा सेट. आमच्या भागात एका पट्ट्यावर बोलायला माणूस मिळत नाही, म्हणून दुसऱ्याचीही सोय. नदी, पूर, बहीण हे शब्द मात्र कुणी वाचलेलेच दिसले नाहीत.

शेवटी ग्रुपमधले ज्येष्ठ, लातूरचे स्वामी सर, यांनी निकाल दिला: “अशा गोष्टी फोनवर कळत नाहीत. लातूरला या, सेट हातात घेऊन बघा.” त्याच दिवशी उदगीरच्या खलीलभाईंनी जुन्या सेटची जोडी विकायची आहे असं टाकलं. मी संगीताला फोन केला.

“अक्का, तुझं निवडणं व्हईपर्यंत पुढचा पूर येऊन जाईल बघ,” ती म्हणाली. “जाऊन ये एकदाची.”

म्हणून रविवारी सकाळी निघालो. गाडी मिलिंदची, रेडिओचा परवाना माझा. ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी सांगते: नांदेड, लोहा, अहमदपूर, चाकूर, लातूर असा सरळ रस्ता आहे, आता बराच रुंद झालाय, आरामात गेलं तरी तीन तास पुरतात. लोह्याला चहा घ्या, पण नाश्ता तिथं करू नका. अहमदपूरपर्यंत पोट आवरा आणि स्टँडच्या आसपास गरम सुशीला खा. पुणेकर पाहुण्यांना मी नेहमी सांगते की हा चुरमुऱ्यांचा उपमा नाही, ही सुशीला आहे. तरी ते तिला चुरमुऱ्यांचा उपमाच म्हणतात. दोघांचं पोट भरलं आणि शंभराची नोट मोडून वर सुटे आले.

स्वामी सर बँकेतून निवृत्त झालेले. हॉलमध्ये काचेचं कपाट, लोक भांडी मांडतात तसे त्यात सेट मांडलेले. सरांनी मिलिंदचा हात हातात घेतला.

“या वाघमारे साहेब. परीक्षा कशी गेली?”

“मी नाही दिली, सर. हिनं दिली.”

“हो का? छान, छान. वहिनी, तुम्ही आत जा, हिच्याशी गप्पा मारा. तर साहेब, हा बघा, याची बॅटरी...”

मी पाणी प्यायला आत गेले. स्वामीकाकू कांदा चिरत होत्या. त्या हळूच म्हणाल्या, “कोणाशी बोलतेत कोण जाणे. मला तर समोरून कधी आवाज आलेला आठवत न्हाई. पुसायला मात्र मीच.” मला त्यांच्याशीच बोलत बसावंसं वाटलं, पण सेट बाहेर होता.

बाहेर प्रात्यक्षिक सुरू झालं होतं. सरांनी सेटचं बटण दाबलं, आपली कॉलसाइन, म्हणजे परवान्यावरची खूण, खणखणीत आवाजात पुकारली आणि कुणी ऐकतंय का विचारलं. शांतता. पुन्हा पुकारली. पुन्हा शांतता. मग त्यांनी खिशातून मोबाइल काढला.

“पाटील, कुठं हायस? अरे सेट लाव की. पाव्हणे आलेत. मी हवेवर बोलू लागलोय.”

थोड्या वेळानं सेटमधून पाटलांचा आवाज आला, “सर, येतंय का?” आणि सर मोबाइलवर म्हणाले, “येतंय, येतंय.” दोघंही फोन ठेवेनात. आवाज इकडून तिकडे फिरून शिट्टी वाजायला लागली. सरांचा चेहरा उजळला होता. नंतर कळलं, ही आमच्याकडची रीतच आहे: रेडिओवर बोलायचं तर आधी फोन करून तसं कळवायचं.

मग सरांनी सेट मिलिंदच्या तोंडासमोर धरला. “बोला, साहेब, बिनधास्त बोला.”

मिलिंद म्हणाला, “मला परवाना नाही ना, सर. मी बोललो तर नियम मोडेल.”

विनापरवाना बोलू नये याचा संदेश ग्रुपवर सगळ्यात जास्त वेळा सरांनीच टाकलेला आहे. त्यांचा हात तसाच थांबला, मग सेट सावकाश माझ्याकडे वळला. मी माझी कॉलसाइन सांगितली आणि विचारलं, “नमस्कार पाटील साहेब, माझा आवाज कसा येतोय?”

पलीकडून पाटील म्हणाले, “अरे वा, लेडीज हाय का?”

आणि सरांच्या हाकेला ढिम्म न हललेले चार जण एकदम उगवले. कुणी आवाज फार स्पष्ट येत असल्याचं सांगितलं, कुणी लातूरला पुन्हा या म्हणालं, एकानं मी जेवणात काय करते ते विचारलं. सगळे मघापासून ऐकत बसले होते. सरांनी सेट परत घेतला तेव्हा त्यांच्याकडे बघून मला थोडं वाईट वाटलं. थोडंच.

“सर, माझ्या गच्चीवरून पलीकडच्या काठाच्या गावात ऐकू जाईल का?” मी विचारलं.

“सेट चांगला असला की सगळं जातं, साहेब,” सर मिलिंदला म्हणाले. चांगला म्हणजे जपानी, म्हणजे एकाच्या किमतीत आमची दुचाकी जुन्या बाजारात येईल असा. स्वस्तातला सेट त्यांनीही एकदा घेतला होता, पुण्याहून, दोन सेटची जोडी. “मुका निघाला. दिला काढून.”

लातूरहून उदगीर दीड-दोन तास, नळेगाववरून. उदगीर जवळ आलं की डाळ मिलचा वास येतो, तीच खूण. खलीलभाईंचं मिलच्या सुट्या भागांचं दुकान आहे. ते मिलिंदकडे हात पुढे करून आले. मिलिंदनं नमस्कार करायच्या आधीच बोटानं मला दाखवलं. माणूस लवकर शिकतो.

“अच्छा, ताई का लायसन है?” खलीलभाई खुर्ची माझ्याकडे सरकवत म्हणाले. “मग ताईच बघून घ्या. मी झूट बोलत न्हाई, सेट खराब हाय. कवापासून हाय माझ्याकडं, आजतक एक आवाज आला न्हाई. परभणीच्या डॉक्टरकडून घेतला, डॉक्टरनं लातूरच्या स्वामी सरांकडून घेतला.”

मुकी जोडी हीच होती. मी सेट चालू केला आणि वरची खुंटी फिरवली. पडद्यावर एकेक नाव यायला लागलं: सिंहगड. लोणावळा. पिंपरी. पुन्हा सिंहगड.

हॅम लोक डोंगरावर किंवा उंच इमारतीवर रिपीटर बसवतात. ते यंत्र दुबळा आवाज झेलून पुढे जोरात सोडतं, पण आपल्या आसपासच्या भागापुरतंच. पुण्यातल्या कुणा जाणकारानं विकताना मोठ्या मायेनं आपल्या शहराचे सगळे रिपीटर या सेटमध्ये भरून दिले होते. ते सेट घेऊन लातूर, परभणी आणि उदगीर इथली तीन परवानाधारक माणसं वर्षानुवर्षं खुंटी फिरवत सिंहगड बोलण्याची वाट बघत होती. पुण्या-मुंबईकडून कधीतरी काहीतरी येईल म्हणून कान लावून बसायची आम्हा मराठवाड्याला जुनी सवय. आलं नाही की दोष आपल्या सेटला द्यायचा आणि तो शेजारच्या जिल्ह्यात खपवायचा.

“खलीलभाई, हे सगळे पुण्याचे नंबर हायत.”

ते पडद्याकडे बघत राहिले. “मतलब मी इतके दिवस पुणे ऐकून राहिलो?”

“ऐकलं कुठं? वाट बघितली.”

ते हसले. खळखळून हसले. मी पुण्याची सगळी नावं पुसली आणि परवान्यात बसणारा एकच साधा नंबर, म्हणजे फ्रिक्वेन्सी, दोन्ही सेटमध्ये घातला. खलीलभाई एक सेट घेऊन किल्ल्यावर गेले, त्यांनाही परवाना होताच. मी दुसरा घेऊन मिलिंदबरोबर रेल्वे स्टेशनच्या दिशेला गेले. मी हाक दिली. उत्तर आलं, इतकं स्वच्छ की मिलिंदनं मागं वळून बघितलं.

“हौ ताई, आ रहा. एकदम साफ आ रहा.” मग त्यांचा आवाज, जरा खाली आलेला: “अब क्या बोलना?”

इतकी वर्षं त्यांना सेटवर कधी माणूसच सापडला नव्हता, त्यामुळे बोलायचं काय हे ठरवायची वेळच आली नव्हती. मी म्हटलं, किल्ल्यावरून काय दिसतं ते सांगा. त्यांनी सांगितलं, आमची गाडीसुद्धा दिसत होती. एका मिलच्या गोदामामागे गेल्यावर आवाज तुटला, बाहेर आल्यावर परत जुळला. ते वर उभे होते म्हणून ऐकू येत होतं. सेट कुणी बनवला याच्याशी त्याचा फारसा संबंध नव्हता. परीक्षेच्या पुस्तकात हे पहिल्या काही पानांतच लिहिलेलं आहे, पण पास झाल्यावर पुस्तक कोण उघडतो.

जोडी आम्ही घेतली. चाललेला सेट बघून खलीलभाईंना तो द्यायचं जिवावर आलं, पण मायबद्दल कळल्यावर ते म्हणाले, “तुमची माँ पाण्याच्या काठाला हाय. घेऊन जा. मेरेकू दुसरा मिलेगा.” वर भाभींनी बळंच जेवायला बसवलं. येताना मुखेडवरून आलो. त्या रस्त्यानं जाणार असाल तर दिवसाउजेडी जा. मधले काही तुकडे असे आहेत की मी दोन्ही सेट मांडीवर धरून बसले होते.

तुम्हीही पहिला सेट घेणार असाल तर माझं ऐका: आधी बोलायला माणूस शोधा, मग उंच जागा शोधा, आणि सेट शेवटी. जोडी एकाच जातीची घ्या, म्हणजे एकीची बॅटरी दुसरीला चालते. आत कुणी काय भरून ठेवलंय ते वाचा. हे सगळं मी ग्रुपवर सविस्तर लिहिलं. खाली पहिली प्रतिक्रिया आली: मॉडेल कोणतं? दुसरी स्वामी सरांची होती, त्यांनी तीच जोडी आपण सुरुवातीला पारखून आणली होती याची सगळ्यांना आठवण करून दिली.

पुढच्या रविवारी चाचणी घेतली. मिलिंदनं गच्चीवर बांबू उभा करून त्याला लांब अँटेना बांधली. संगीता गावात विहाराच्या गच्चीवर, जिथं पुरात सगळे चढले होते. मी हाक दिली. काही नाही. पुन्हा दिली. माझा मोबाइल वाजला.

“अक्का, सेट लाव की. मी बोलू लागले कवाची.”

रेडिओच्या आधी रोग गावात पोचला होता. मी म्हटलं, फोन ठेव, सेट डोक्याच्या वर धर आणि कठड्याजवळ येऊन बोल. थोडा वेळ खरखर झाली. मग संगीताचा आवाज आला, नदी ओलांडून, कुणाचाही टॉवर मध्ये न घेता. मिलिंदनं बांबू दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवला होता, जणू त्यानं सोडला तर ती निसटेल. माझे डोळे भरून आले आणि मी ते पुसलेही नाहीत.

तेवढ्यात संगीताच्या मागून दुसरा आवाज आला. परवाना नसलेल्या माणसानं बोलायचं नाही हे संगीतानं मायला बजावून सांगितलं होतं. म्हणून माय चार पावलं लांब उभी राहून, सेटकडे न बघता, फक्त संगीताशी बोलत होती. गावाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.

“मी न्हाई बाई बोलत. तूच इचार तिला. धरणाच्या इतकी जवळ राहती, पाणी चढलं की तिला कोण सांगतं? मागल्या पुरात समदे जेवले, मी हितं बसून तिकडंच बघत व्हते. फोनच लागत नव्हता तिचा.”

मग खरखर. संगीता विचारत होती, “अक्का, आईकू आलं का?”

मी बटण दाबलं, नियमाप्रमाणे माझी खूण सांगितली. बटण तसंच दाबलेलं राहिलं. मिलिंद म्हणाला, “बोल की.”

“आलं,” मी म्हटलं. “तिला म्हणावं, आता तुम्ही सांगत जा.”