स्वल्प वाका, अण्णा

आमच्या चामराजपेटेतल्या घरी दसऱ्याला सोनं द्यायला आलेला माणूस माझ्या वडिलांच्या पाया पडत नसे. ते पडूच देत नसत. कुणी वाकायला लागलं की अण्णा दोन पावलं मागे सरत आणि कन्नडमध्ये म्हणत, "बेडा, बेडा." नको, नको. "हात जोड, पुरे." नातलग त्यांना तऱ्हेवाईक म्हणत. म्हणोत बापडे. लढाईच्या काळात अण्णा लष्कराच्या लॉऱ्या दुरुस्त करायला मलायात गेले होते आणि साडेतीन वर्षं जपान्यांच्या कैदेत राहिले होते. तिथे रोज सकाळी पहारेकऱ्यापुढे कमरेत वाकावं लागे. कमी वाकलं की काठी बसे. एवढंच त्यांनी आईला सांगितलं होतं आणि आईने मला.

साठ सालानंतर लगेचची गोष्ट. मी तेव्हा शाळेत शिकवत होते. मराठी मंडळातल्या ओळखीने मुंबईचा एक माहितीपटवाला आमच्याकडे आला. त्याला लढाईच्या जखमा आणि समेट यांवर फिल्म करायची होती. समेट हा शब्द तो पेपरमिंटच्या गोळीसारखा तोंडात घोळवायचा. शहरातल्या एका कारखान्यात आलेला जपानी इंजिनियर त्याने आधीच पटवला होता. आता त्याच्याशी हात मिळवायला एक जुना कैदी तेवढा हवा होता. स्वतःच्या अंगावर एक ओरखडा नाही, आणि हा दुसऱ्यांच्या जखमा भरायला निघाला होता! पण तेव्हा मला हे सुचलं नाही. मी भाळले. आपल्या दारात कॅमेरा येणार म्हणून आठवडाभर अण्णांच्या मागे भुणभुण लावली.

शेवटी अण्णा म्हणाले, "हात मिळवतो. वाकायचं मात्र नाही. त्याला अगोदर सांगून ठेव."

मी सांगितलं. तो म्हणाला, "अर्थातच! काकांचा मान आधी, फिल्म नंतर."

शूटिंग आमच्या अंगणातच झालं. जपानी इंजिनियर माझ्याच वयाचा, लढाईच्या वेळी शाळेत असणार. त्याने रीतीप्रमाणे वाकून नमस्कार केला. अण्णा ताठ उभे राहिले आणि त्यांनी हात पुढे केला. झालं होतं. तिथेच संपायला हवं होतं. पण ढग आला म्हणून पुन्हा, मधून जटक्याची घोडागाडी गेली म्हणून पुन्हा. चौथ्या वेळी माहितीपटवाला मला बाजूला घेऊन म्हणाला, "एक वाकतोय आणि दुसरा खांबासारखा उभा. पडद्यावर काका उद्धट दिसतील हो. तुम्ही सांगा ना, तुमचं ऐकतील."

आणि मी सांगितलं. त्यांची अट ठाऊक असून सांगितलं. "स्वल्प वाका, अण्णा. थोडंसंच."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मग ते वाकले. थोडंसं नाही. हात मांड्यांना चिकटवून, कमरेपासून पार खाली, नजर जमिनीवर. आणि ते उठेनात. कुणीतरी ऊठ म्हणायची वाट पाहत होते. त्या जपानी पोराचा चेहरा पांढरा पडला. त्याला कळलं. तो पुढे झाला, त्याने अण्णांना खांद्याला धरून उभं केलं आणि तोंड फिरवून डोळे पुसले. आणि आमचा माहितीपटवाला? तो कॅमेऱ्याला चावी देत म्हणाला, "सुंदर! आणखी एकदा घेऊ या का?"

मी त्याला हाकलायला हवं होतं. मी चहा टाकायला आत गेले.

काही महिन्यांनी मंडळाच्या हॉलमध्ये फिल्म दाखवली. इंजिनियरने डोळे पुसले ते कापलं होतं. अण्णा ताठ उभे होते तेही कापलं होतं. राहिली होती फक्त वाकलेली पाठ, आणि तिच्यावर एक गोड आवाज सांगत होता की काळाने सगळ्या जखमा भरून काढल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या शेजारी बसून अण्णा आपली पाठ बघत होते.

घरी चालत येताना माझा संताप आवरेना. लबाड, नालायक, मेल्याला लाज नाही, अण्णांना याने फसवलं, असं मी रस्ताभर बोलत होते. आमच्या गल्लीच्या तोंडाशी अण्णा थांबले.

"त्याला कशाला शिव्या देतीस?" ते म्हणाले. "तो कोण माझा? तिथं काठी होती म्हणून वाकलो. हितं तू सांगितलीस म्हणून."

त्या दसऱ्याला मी त्यांच्या हातात सोनं ठेवलं आणि नुसते हात जोडले, वाकले नाही. तरीही अण्णा दोन पावलं मागे सरले.