मोळीचा धडा

७ एप्रिल १९८९. सांडग्या मिरच्या भरून उन्हात टाकल्या. हात दोनदा धुतले, तरी बोटं जळजळताहेत. तरीही लिहायला बसले. हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्यालाही नाही.

सहा वर्षं झाली. सौसरच्या एका शाळेत मी इतिहास शिकवत होते. गावात तेव्हा एक मंडळ निघालं होतं. सकाळी मैदानावर शिट्टी, एका रंगाचे सदरे, एकच घोषणा. पोरं नाल्या साफ करायची, मोठ्यांना वाकून नमस्कार करायची. मला ते आवडायचं — खोटं कशाला बोलू? पुढे नावं विचारली जाऊ लागली. कोणाच्या घरावर निशाण नाही, कोण सभेला येत नाही. तेही मला वावगं वाटलं नाही. माझ्या घरावर निशाण होतंच.

वनिता मेश्राम शाळेत नवीन होती. रामाकोन्याच्या बौद्ध शेतमजुराची मुलगी. घरातली पहिली नोकरी, तीही कच्ची. मला ताई म्हणायची. नववीला फॅसिझम शिकवायला ती तुराट्यांची मोळी घेऊन वर्गात गेली. इटलीतला तो शब्दच मोळीवरून आलेला. एकेक काडी मोडते, मोळी मोडत नाही — एकीचं बळ सांगताना आपण सगळेच हे सांगतो. वनिताने पुढचं विचारलं. दोरी कोणाच्या हातात? आणि मोळीत न बसणारी वाकडी काडी कुठं जाते?

"चुलीत, बाई," एक पोरगी म्हणाली. वर्ग हसला. मग तीच म्हणाली, "म्हणजे आपल्या मंडळासारखंच हाये हे."

वनिताने तिला गप्प केलं नाही. तेही वहीत लिहू दिलं.

मंडळाचे प्रमुख शाळेच्या समितीवर होते. त्यांनी मला बोलावलं. "बाई, नववीच्या वर्गाचं काहीतरी कानावर येऊन राहिलं. तुम्ही शिस्तीच्या. तुम्हालेच विचारून राहिलो, दुसऱ्या कोणाले नाही."

मी घाबरले होते का? इतकी वर्षं मी स्वतःला तेच सांगत आले. पण धमकी कोणी दिलीच नव्हती — चहा दिला होता, बशीत बिस्किटं. मला विचारलं, याचा मला आनंद झाला होता. दुसऱ्या दिवशी तपासायची म्हणून त्या पोरीची वही घेतली, पान शोधलं, मंडळाच्या ओळीखाली लाल पेनने रेघ मारली — आणि प्रमुखांना नेऊन दिली.

गुरुवारी समितीने ती वही पुढे टाकली आणि वनिताची नोकरी गेली. संध्याकाळी ती माझ्याकडेच आली.

"ताई, वही कोणी नेऊन दिली असंन?"

मी पोहे परतत होते. मागे वळून पाहिलं नाही. "पोरीची वही. तिनंच दिली असंन, अजून कोण?"

ती म्हणाली, "लेकरू हाये, ताई. तिले काही बोलू नका."

पोहे खाल्ले, ताटली स्वतः धुतली आणि शेवटच्या बसने गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा तास मला मिळाला. सगळ्या वर्गाला वहीतलं मोळीचं पान खोडायला लावलं. ज्या मुलीची वही होती, तिला सगळ्यांसमोर उठवून मागच्या बाकावर बसवलं — आणि फळ्यावर लिहिलं : फॅसिझमच्या उदयाची कारणे, गुण पाच.