ट्राममधला चोर

फ्रँकफर्टला लेकीकडे राहिले, तेव्हा मी साठीची तरुणी. जर्मन ओ की ठो कळत नसे, पण रविवारची पोलिसांची मालिका चुकवत नसे. कृष्णवर्णीय माणूस दिसला की चोर तोच, हे मी पहिल्या मिनिटाला ओळखायची. हुशारच ना!

एकदा ट्राममध्ये तसला एक चोर, म्हणजे ते काम करणारा नट, समोर येऊन बसला आणि या हुशार बाईनं पर्स पोटाशी धरली.

तो इंग्रजीत म्हणाला, "घाबरू नका ओमा, आज सुट्टी आहे." ओमा म्हणजे त्यांच्याकडची आजी.

मांडीवर नव्या भागाचे कागद. पेन्सिलीनं तो स्वतःचेच संवाद खोडत होता. "पुन्हा चोर! आता सांगणार त्यांना, एकदा तरी मला दातांचा डॉक्टर करा."

"काम जाईल हो! गप्प बसावं," मी शहाणपण शिकवलं.

"दहा वर्षं गप्पच आहे. बोललो ती सगळी त्यांची वाक्यं." कागदांची सुबक घडी करून तो उतरला.

पुढे कितीतरी रविवार मी त्याला शोधलं. बेड्या दुसऱ्याच कृष्णवर्णीय माणसाला पडायच्या. म्हणजे आमचा बोलला होता! मी सोफ्यावर बसून टाळ्या वाजवल्या.

जावयांना वाटलं, चोर सापडला म्हणून.